चुकांचा धनी

जार टेस्टला पन्नास मिनिटं लागतात. सहा काचेच्या भांड्यांत नदीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीचं द्रावण थोड्या-थोड्या चढत्या मापानं घालायचं, मिनिटभर जोरात घुसळायचं, मग एकोणीस मिनिटं संथ. शेवटची तीस मिनिटं भांड्यांना हातही न लावता गाळ खाली बसू द्यायचा. कोणतं भांडं सर्वांत आधी नितळ झालं, त्यावरून त्या दिवशी गावाच्या पाण्यात तुरटी किती घालायची ते ठरतं. सोनझरीच्या जलशुद्धीकरण केंद्रात रत्नमाला वाघाये हिनं पदव्युत्तर पदवीचा निम्म्याहून जास्त अभ्यास या शेवटच्या तीस मिनिटांत केला होता.

विद्यापीठाचा तो अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठीच होता. नेतृत्व हा विषय, वेळ ज्याची त्यानं ठरवायची. धडे तुकड्यातुकड्यांनी घ्या, घरी आजारपण निघालं तर वर्षभर थांबा, हवं तेव्हा पुन्हा सुरू करा. एकेचाळिसाव्या वर्षी, पाळीप्रमुखाची नोकरी आणि बारावीतली मुलगी सांभाळत रत्नमालानं तीन वर्षांत पाच भाग पुरे केले होते. उरला होता सहावा, प्रात्यक्षिकाचा. तो मेअखेर झाला की पदवी, आणि पदवी हाती असली तरच जूनमधल्या केंद्रप्रमुखाच्या मुलाखतीला बसता येणार होतं.

"काऊन मॅडम, आज कोणाले उभं केलं आरशात?" दयाराम उके दारातून डोकावत म्हणाला. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला त्याला चौदा महिने होते. रत्नमाला इथं कंत्राटी म्हणून आली तेव्हा तिला झडप फिरवायला त्यानंच शिकवलं होतं. ती पाळीप्रमुख झाल्यापासून तो तिला मुद्दाम मॅडम म्हणायचा.

"तुम्हालाच, भाऊ."

"मग सांगजो, केस पांढरे दिसते का काळे." हसत तो पंपघराकडे निघून गेला.

आरसा म्हणजे सहाव्या भागाची प्रयोगशाळा. विद्यार्थी जिथं काम करतो तिथल्या माणसांची ती गणिती प्रतिकृती होती. केंद्रात पाळी बदलताना चार्ज देणं-घेणं तोंडीच व्हायचं आणि नियमाप्रमाणे ते ध्वनिमुद्रित व्हायचं: काय बिघडलं, कोणाकडून बिघडलं, काय दुरुस्त केलं. अशा दोन वर्षांच्या नोंदी आरशाला दिल्या होत्या. केंद्रातल्या अकराही जणांनी त्याला संमती दिली होती. मस्टरवर सही करावी तशी, न वाचता. "रत्नाताईचा अभ्यास आहे ना? आण इकडे," म्हणून.

कोणाच्या मनात काय आहे हे आरशाला मुळीच कळत नव्हतं. रत्नमालानं तो स्वतःला समजावून घेतला होता तो गढूळपणा मोजायच्या यंत्रावरून. ते यंत्र पाण्यातले कण मोजत नाही. पाण्यातून प्रकाश सोडतं आणि तो बाजूला किती विखुरला एवढंच पाहतं. त्यावरून कणांचा अंदाज येतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. आरसाही माणसाचं बोलणं तेवढं पाहायचा. कोण काय सांगतो, कोण कधी अडखळतो, कोणाच्या पाळीत काय बिघडतं. मग आपण विचारायचं, 'याला हे काम दिलं तर काय होईल?' आणि तो शक्यता सांगायचा. प्रात्यक्षिक असं होतं: एक खरा निर्णय आरशात आधी करून पाहायचा, मग प्रत्यक्षात करायचा, आणि दोन्ही किती जुळले ते लिहायचं.

रत्नमालानं निवडलेला निर्णय साधा होता. तुरटी सोडणारं नवं पॅनेल पहिल्या पाळीत कोणाच्या हाती द्यायचं? आजवर ते काम दयाराम करत होता. तिनं त्याचं नाव घातलं.

आरशानं सांगितलं: सहा महिन्यांत गंभीर चूक होण्याची शक्यता एक्क्याण्णव टक्के. त्याच पाळीतल्या निर्मला टेंभरेचं नाव घातलं तेव्हा, चार.

तिनं जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. दोन वर्षांत पहिल्या पाळीत पस्तीस चुका, त्यातल्या एकतीस दयारामच्या. सगळ्या त्याच्याच आवाजात, न अडखळता सांगितलेल्या. झडप उघडी राहिली, माझ्याकडून. नोंद चुकली, माझ्याकडून. माणूस थकत चाललाय आणि आपल्या लक्षातही आलं नाही, असं तिला वाटलं. क्षणभर बारा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली: क्लोरीनच्या खोलीतला पंखा, जो खरं तर तिच्या हातून बंद राहिला होता. तेव्हा ती कंत्राटी होती, आणि दयारामनं साहेबांपुढे तो दोष स्वतःवर घेतला होता. मेमो मिळून अख्खा पावसाळा त्यानं जॅकवेलवर, नदीतून पाणी उपसणाऱ्या विहिरीवर, काढला होता. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षापासून ती शिकत आली होती. तिनं ती आठवण बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं दयारामला बोलावलं. तो टोपी काढून उभा राहिला.

"भाऊ, सोमवारपासून तुम्ही जॅकवेलला बसा. पॅनेल निर्मलाकडे देते."

"बरं."

"का, असं नाही विचारत?"

"कायले विचारू? तुया आरशानं सांगितलं असंल." त्यानं टोपी झटकली. "निर्मलाले एकटी नको सोडू पहिले चार दिवस. पोरगी हुशार आहे, पण दोन कामं एका टायमाले करते."

"तिची दोन वर्षांत एकही चूक नाही, भाऊ."

दयारामनं टोपी घातली. "हाव. नाही," म्हणाला आणि गेला.

निर्मलाला मात्र ते सरळ गेलं नाही. ती कंत्राटावरची, तिशीतली, तोंडाची फटकळ. डबा खाताना ती म्हणाली, "ताई, उद्या तुमच्या आरशानं मलेही काढलं तर आधी सांगा बरं. घरी खोटं बोलायला दोन दिवस तरी लागते."

"तुला का काढेल? तुझी नोंद सगळ्यात स्वच्छ आहे."

निर्मलाचा घास हातातच राहिला. मग ती उगाच लोणच्याची बरणी शोधायला लागली.

अकराव्या दिवशी वरच्या बंधाऱ्यातला गाळ सोडला. सकाळी नऊच्या सुमाराला जॅकवेलवरून दयारामचा फोन आला. "पाणी लाल येऊन राहिलं. तुरटी वाढवा." पॅनेलवर निर्मला होती. नदीच्या पाण्याचा गढूळपणा चाळीसवरून दोनशेवर गेला होता. तिनं नवं माप घातलं आणि तेवढ्यात तीन नंबरच्या फिल्टर बेडचा भोंगा वाजला, म्हणून ती तिकडे धावली. पॅनेलवर 'कायम करा' असं एक बटण होतं. ते दाबल्याखेरीज नवं माप लागू होत नसे. ते दाबायचं राहून गेलं.

अर्ध्या तासानं रत्नमाला टाकीच्या काठावरून चालत होती. एरवी या वेळी तळाची पायरी दिसायची. आज कडेचं पाणीसुद्धा चहासारखं होतं. तिनं धावत जाऊन गावाकडची मुख्य झडप बंद करवली. गढूळ पाण्याचा एक थेंबही पुढे गेला नाही, मात्र निम्म्या गावाला त्या दिवशी पाणी तीन तास उशिरा आलं आणि केंद्राचा फोन दुपारपर्यंत खाली ठेवता आला नाही.

पावणेदोनला चार्ज द्यायला सगळे मस्टरच्या टेबलाजवळ जमले. भिंतीवरच्या नोंदयंत्राचा हिरवा दिवा लागला. दुसऱ्या पाळीतला अफसर नावाचा ऑपरेटर खुर्ची ओढून ऐकायला बसला. निर्मला यंत्रासमोर उभी होती, ओठ घट्ट मिटून. काय झालं ते फोनवर कळलेला, जॅकवेलवरून नुकताच आलेला दयाराम गाडीची किल्ली खिशात टाकत पुढे झाला आणि नेहमीच्या आवाजात बोलला:

"पाळी पहिली, दयाराम उके. तुरटीचं माप कायम करायचं राहून गेलं. माझ्याकडून."

अफसरनं आधी दयारामकडे पाहिलं, मग रत्नमालाकडे.

"भाऊ," रत्नमाला हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही साडेतीन किलोमीटरवर होता."

दयारामनं तिच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखा झाला.

"हाव ना," तो म्हणाला. "सवय आहे. तोंडातून निघून गेलं."

रत्नमालानं यंत्र बंद केलं.

"सवय? किती दिवसांची?"

उत्तर निर्मलानं दिलं, आणि ते देताना ती रडत नव्हती, चिडली होती. "मागच्या वर्षी लेजरमधे आकडा चुकला तो माझा होता. बेडची मोटर जळाली तीही माझ्यामुळेच. वर्षात तीन नोंदी झाल्या की कंत्राट संपते, ताई. भाऊ पर्मनंट. त्यायले नुसता मेमो. ते म्हणाले, तू नको बोलू, मी बोलतो. मले वाटलं माझ्यासाठीच केलं. म्हणून कोणाले सांगितलं नाही."

"तुझ्यासाठीच?" अफसर खुर्चीतून उठला. "अरे, मी पहिल्या पाळीत होतो तेव्हा क्लोरीनचं सिलिंडर... ते तर माझ्यासाठी..." आणि तो मधेच थांबला, कारण सगळ्यांच्या लक्षात एकदमच आलं.

रत्नमाला खाली बसली. एकेका माणसाला वाटत होतं की हा उपकार फक्त आपल्यावर आहे. तिलाही बारा वर्षं तेच वाटत होतं. सगळ्यांचं झाकून ठेवणारा माणूस आरशात सगळ्यांत गबाळा दिसला होता. आणि तिनं त्या आरशावर विश्वास ठेवून त्यालाच नदीकाठी बसवला होता.

"एकतीसमधल्या तुमच्या स्वतःच्या किती, भाऊ?"

"चार," दयाराम म्हणाला. मग प्रामाणिकपणे, "पाच असतील."

"आणि चौदा महिन्यांनी तुम्ही घरी गेलात की? मग कोण बोलणार होतं?"

दयारामनं त्याचा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या मार्गदर्शक, प्राध्यापक हर्षदा नेने यांना पडद्यावर गाठलं. पलीकडे नेने बाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा आरसाच चुकीच्या नोंदींवर उभा आहे. हे अहवालात लिहिलंत तर प्रात्यक्षिक रद्द. नवं करायला सहा महिने मिळतील, ती सोय आहेच आपल्याकडे. पण जूनची मुलाखत जाईल तुमची."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मला कळणार नाही," नेने बाई म्हणाल्या. "अंदाज चुकला त्याचे काही गुण जातील, पण पास व्हाल."

रत्नमालानं पडद्याच्या कोपऱ्यात आरशाला दिलेल्या माहितीची यादी उघडली. आरशाला माहिती देताना ती दोन रकान्यांत भरायची असे. बदलणाऱ्या बाबींत माणसं, कामं, वेळा. स्थिर बाबींत पंपांची संख्या, टाकीचं आकारमान, नदीचं अंतर... आणि तिथंच, सातव्या ओळीत, तिच्याच हातानं भरलेलं: 'वर्षात तीन नोंदी झाल्यास कंत्राटाचे नूतनीकरण नाही.'

"मॅडम, मी नदीच्या अंतराशेजारी नियम लिहिलाय."

"मग?"

"नदी हलवता येत नाही. हा हलतो. मी अकरा माणसं आलटून-पालटून आरशात उभी केली, पण नियमाला एकदाही उभं केलं नाही. तो बदलत्या रकान्यात टाकला तर?"

नेने बाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. "तर खऱ्या नोंदी लागतील, रत्नमाला. आणि त्या तुम्हाला कोण देणार?"

खरा प्रश्न तोच होता. प्रत्येक खरी नोंद म्हणजे कोणाची तरी नोकरी. शनिवारी दुपारी पाळी बदलताना तिनं दोन्ही पाळ्यांना प्रयोगशाळेत बसवलं. टेबलावर पस्तीस नोंदींचा कागद होता, नावांची जागा कोरी.

"मी अहवालात खरं लिहिणार आहे. माझं प्रात्यक्षिक रद्द होईल, ते होऊ द्या. पण हा कागद भरून मिळाला तर त्या तीन नोंदींच्या नियमाबद्दल साहेबांशी बोलता येईल. खरी नावं आरशात जातील, आरशाबाहेर मी कोणालाही सांगणार नाही."

"साहेबांनी विचारलं तर?" अफसरनं विचारलं.

"तरी नाही."

दयाराम खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "रत्ना, मी सांगितलं ते सांगितलं. आता कायले उकरते? पोरायची पोटं आहेत त्याच्यावर." बऱ्याच वर्षांनी त्यानं तिला मॅडम म्हटलं नव्हतं.

तेव्हा रत्नमालानं खिशातून आपला फोन काढला, टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. "रत्नमाला वाघाये, पाळीप्रमुख. बारा वर्षांपूर्वी क्लोरीन कक्षातला पंखा बंद राहिला. माझ्याकडून. दयाराम उके यांना त्यासाठी मेमो मिळाला, तो चुकीचा आहे. ही नोंद मी माझ्या नावानं कार्यालयात देत आहे."

"येडी झाली का?" दयाराम उठला. "तुया प्रमोशनचं काय?"

"यंदा तसंही नाही, भाऊ."

निर्मलानं कागद आपल्याकडे ओढला. "पेन द्या कोणी," ती म्हणाली. "आणि इकडे पाहू नका, मले लाज वाटते." चौदा नोंदींपुढे तिनं आपलं नाव लिहिलं. मग पेन अफसरकडे सरकवलं. तासाभरात कागद भरला. दयारामच्या चारच निघाल्या. पाचवी, अफसर म्हणाला, माझी आहे, भाऊ विसरले.

नव्या नोंदी घातलेला आरसा बनायला आठवडा लागला. त्यानं दिलेलं उत्तर रत्नमालानं तीन वेळा तपासलं. माणसं तीच, यंत्रं तीच, फक्त स्वतः सांगितलेल्या चुकीला शिक्षा नाही असं धरलं, तर चुका जेमतेम कमी होत होत्या. पण चूक झाल्यापासून ती कोणाच्या तरी लक्षात येण्याचा वेळ सरासरी पंचावन्न मिनिटांवरून बारावर येत होता. पाण्याच्या कामात सगळा खेळ त्या मिनिटांचाच असतो. गढूळ पाणी टाकीतून गावात पोचायला चाळीस मिनिटं लागतात.

कार्यकारी अभियंता दाणी यांनी तो आलेख उलटसुलट पाहिला. "म्हणजे चुका करायला मोकळीक द्यायची?"

"चुका होतातच, साहेब. सध्या त्या दुसऱ्याच्या नावानं होतात, म्हणून सापडत नाहीत."

"कोणाकोणाच्या होत्या?"

"ते मी सांगणार नाही."

"बाई, मी ऑफिसर आहे."

"म्हणूनच नियम तुम्हाला बदलता येतो, साहेब. मला फक्त माझी एक नोंद बदलता आली, ती मी दिली आहे."

दाणींनी तिचा तो पंख्याचा अर्ज फाइलमधून काढून पुन्हा वाचला आणि चष्मा पुसला. "तीन महिने," शेवटी ते म्हणाले. "प्रयोग म्हणून. सांगितलेली चूक मोजायची नाही, लपवलेली एकच कंत्राट जायला पुरे. काही झालं तर मेमो तुमच्या नावानं निघेल."

"लिहून द्या," रत्नमाला म्हणाली. दाणी हसले, पण त्यांनी लिहून दिलं.

दयाराम पॅनेलवर परतला. केंद्रप्रमुखाच्या जागी जूनमध्ये बाहेरून कोणी येणार हे नक्की झालं. रत्नमालानं नव्या प्रात्यक्षिकाचा अर्ज भरला. विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'नियम'.

कागदावर नियम बदलला तरी तोंडाची सवय बदलायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी चार्ज देताना कोणीच बोललं नाही, म्हणून रत्नमालानं आपलीच एक चूक सांगितली: नमुन्याच्या बाटलीवर तारीख घालायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचीच. तिसऱ्या दिवशी दयाराम यंत्रासमोर उभा राहून म्हणाला, "आज माझ्याकडून काही झालं नाही," आणि इतका अवघडला, की सगळे हसले.

नवव्या दिवशी पावणेदोनला हिरवा दिवा लागला. दयाराम तोंड उघडून अर्धं पाऊल पुढे आला होता. निर्मलानं हातानंच त्याला मागे सारलं.

"पाळी पहिली, निर्मला टेंभरे." ती यंत्राच्या आणखी जवळ गेली. "तीन नंबर बेडची धुण्याची झडप अर्धी उघडी राहिली. वीस मिनिटं झाली असतील. माझ्याकडून."

आता कोण काय म्हणेल, हे कुठल्याच आरशाला रत्नमालानं विचारलं नव्हतं.

अफसरनं भिंतीवरचा पाना काढला. "डावीकडची का उजवीकडची?" त्यानं विचारलं.

"डावीकडची."

"बरं," म्हणत तो झडप बंद करायला निघून गेला.